आप्पांच्या नावाखाली

आप्पा गेले त्याला तीन महिने होत आले, तरी सातबारावर ते होतेच. हातकणंगल्याच्या तलाठी कचेरीतून उतारा घेऊन बाहेर पडलो आणि त्यांचे नाव पुन्हा पुन्हा वाचले. ते आता आपल्यालाच कमी करून घ्यायचे आहे, या विचाराने पाय जड झाले.

आप्पांनी मागे ठेवले ते फार नव्हते. स्वकष्टाने घेतलेली दीड एकर उसाची जमीन आणि बँकेतली एक ठेव. तिच्यावर नॉमिनी कोणीच नाही. मुंबईचे मामा फोनवर म्हणाले, "प्रोबेट घ्यावं लागेल रे!" तो शब्द ऐकूनच आई घाबरली.

इचलकरंजीच्या एका वकिलांकडे गेलो. ते हसले. "मृत्युपत्र खरं आहे, अशी न्यायालयाची मोहोर म्हणजे प्रोबेट. इथं मृत्युपत्रच नाही! आणि त्याची सक्ती होती ती मुंबईसाठी. आपल्या भागातल्या मिळकतीला ती कधीच नव्हती."

मग त्यांनी एकेक दार दाखवले. जमिनीसाठी तलाठ्याकडे वारसाची वर्दी द्यायची, ती कायद्याने तीन महिन्यांच्या आत. मग फेरफार पडतो, सर्वांना नोटिसा जातात, कुणाची हरकत नसेल तर मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. ठेवीसाठी बँकेने मागितला तर दिवाणी न्यायालयातून १९२५ च्या कायद्याखाली उत्तराधिकार दाखला आणायचा. "आणि नॉमिनी असता, तरी तो मालक नसतो बरं का! पैसे वारसांचेच."

वारस आम्ही तिघे : आई, मी आणि जयसिंगपूरला दिलेली धाकटी बहीण. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने तिघांचा वाटा सारखा. मी पिशवीतून हक्कसोडपत्राचा मसुदा काढला. आमच्याकडे बहिणीने सही करायची, भावाने साडीचोळी करायची, ही रीतच.

वकिलांनी विचारले, "बहिणीला विचारलंत?"

"ती नाही म्हणणार नाही."

"ते मी विचारलं नाही."

पुढच्या आठवड्यात बहीण पॅसेंजरने आली. वकिलांनी तिला समोर बसवून सांगितले, "ताई, मी तुमच्या भावाचा वकील. तुम्हाला वेगळा सल्ला हवा असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो. हक्कसोडपत्र नोंदवलं, की सहजासहजी मागं फिरता येत नाही."

माझ्या कानांची पाळी तापली. ती मात्र शांत होती. म्हणाली, "दादा, सही मागशील तर करीन. पण आधी माझं नाव लागू दे. आप्पांच्या जागी माझं नाव एकदा वाचायचंय मला."

फेरफार मंजूर झाला. नव्या उताऱ्यावर आता तीन नावे आहेत. बहिणीने तो हाती घेतला, आपल्या नावावरून बोट फिरवले आणि घडी घालून आईच्या हाती दिला. आईनेही चष्मा लावून स्वतःचे नाव वाचले. पन्नास वर्षे त्या रानात राबली. कागदावर ती प्रथमच आली होती.

मसुदा अजून ट्रंकेत आहे. मी सही मागितलेली नाही. या दिवाळीला साडीचोळी मात्र केली. नुसती भाऊबीज म्हणून.