आपले संकेतस्थळ आपणच उभारावे

ग्रामसभेचा ठराव, पाणीपट्टीचे दर, शाळाप्रवेशाच्या तारखा ही माहिती सूचनाफलकावर लावण्याची पद्धत जुनीच आहे. तथापि फलक वाचण्यासाठी फलकापर्यंत जावे लागते. कामानिमित्त परगावी असलेल्या ग्रामस्थासही ती मिळावी, यासाठी संकेतस्थळ उपयुक्त ठरते. शिवाय माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ अन्वये सार्वजनिक प्राधिकरणांनी विहित माहिती आपण होऊन प्रसिद्ध करावयाची आहे.

हे काम केवळ तंत्रज्ञांचे, असा समज आढळतो. प्रारंभी प्रत्येक पान सांकेतिक भाषेत लिहावे लागे, तेव्हा तो खराही होता. परंतु २००३ मध्ये 'वर्डप्रेस' ही विनामूल्य आज्ञावली उपलब्ध झाली व तिच्यासारखी अन्य साधनेही आली. ज्यास संगणकावर पत्र लिहिता येते, त्यास आता पानही तयार करता येते.

तीन गरजा

संकेतस्थळास पत्ता, जागा व मजकूर या तीन गोष्टी लागतात. पत्ता ठरावीक मुदतीसाठी शुल्क भरून नोंदवावयाचा असतो. २०१४ पासून तो 'डॉट भारत' या रूपात देवनागरीतही घेता येतो. जागा म्हणजे अहोरात्र चालू असलेल्या संगणकावरील भाड्याची साठवण. शासकीय कार्यालयांनी खाजगी जागा घेण्यापूर्वी जिल्ह्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचा सल्ला घेणे इष्ट होय.

पत्ता कोणाच्या नावे नोंदला आहे, हे पाहणे अत्यंत अगत्याचे आहे. तो संस्थेच्याच नावे असावा, ठेकेदाराच्या वा एखाद्या कर्मचाऱ्याच्या नव्हे. परवलीचे शब्द मोहोरबंद पाकिटात कार्यालयात ठेवावेत व प्रभार देताना तेही सोपवावेत. नूतनीकरण चुकल्यास तोच पत्ता कोणीही त्रयस्थ घेऊ शकतो. मग पावत्यांवर छापलेल्या पत्त्यावर नागरिकास भलताच मजकूर दिसतो.

मजकूर कसा असावा?

मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. कागदाचे नुसते छायाचित्र चढविल्यास त्यातील शब्द शोधता येतीलच असे नाही, आणि अंध वाचकास पडदा वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीलाही ते सहसा उमगत नाही. पान हलके ठेवावे, म्हणजे साध्या मोबाईलवरही ते लवकर उघडेल. लाभार्थ्यांची यादी देताना आधार क्रमांक, बँक खाते व दूरध्वनी क्रमांक कटाक्षाने वगळावेत; एकदा प्रसिद्ध झालेली माहिती पूर्णपणे परत घेता येत नाही.

आरंभास पाच पाने पुरेत: संस्थेचा परिचय, सेवा व शुल्क, सूचना, ठराव आणि संपर्क. प्रत्येक पानावर अद्ययावत केल्याची तारीख असावी व ते काम कोणी करावयाचे, हे कार्यालयीन आदेशाने ठरवावे. गतवर्षीचे दर दाखविणारे संकेतस्थळ नागरिकास हेलपाटा घालावयास लावते. उभारणीस काही दिवस पुरतात. खरे काम त्यानंतरच सुरू होते. दरमहा एक तास त्यासाठी राखून ठेवला, तर हा फलक गावाच्या खऱ्या उपयोगी पडेल.