दोन रेणूंच्या भिंतीची शंभर वर्षे

मार्च 1925 मध्ये हॉलंडमधल्या लायडेनचे बालरोगतज्ज्ञ एव्हर्ट गोर्टर आणि त्यांचे सहकारी एफ. ग्रेन्डेल यांनी एक छोटासा शोधनिबंध छापला. तांबड्या रक्तपेशीभोवतीचे पटल मेदाच्या दोन रेणूंइतक्या जाडीचे असते, हा त्यांचा दावा. शरीराच्या कोठारातले इंधन म्हणून ओळखला जाणारा मेद त्या दिवसापासून पेशीचा पहारेकरीही ठरला.

या दाव्याची पूर्वतयारी दीडशे वर्षे चालली होती. लंडनच्या क्लॅपहॅम कॉमनमधल्या तळ्यावर चमचाभर तेल ओतताच अर्धा एकर पाणी संथ झाल्याचे बेंजामिन फ्रँकलिनने 1774 मध्ये नोंदवले. पुढे जर्मनीत आग्नेस पॉकेल्स यांनी घरच्या स्वयंपाकघरात पाण्यावरच्या तेलाचा थर दाबून-पसरून मोजमापे घेतली. विद्यापीठाची पायरीही न चढलेल्या या बाईंचे पत्र लॉर्ड रॅले यांनी 1891 मध्ये ‘नेचर’मध्ये छापवून आणले. असा थर एकाच रेणूच्या जाडीचा असतो, हे अर्व्हिंग लँगम्यूर यांनी 1917 मध्ये दाखवले.

गोर्टर-ग्रेन्डेल यांनी हीच युक्ती रक्तावर लावली. माणूस, ससा, कुत्रा, गिनीपिग, मेंढी, शेळी यांच्या तांबड्या पेशी घेतल्या. सस्तन प्राण्यांच्या या पेशींत केंद्रक नसते, आत दुसरे पटलही नसते. म्हणजे मिळेल तो मेद बाहेरच्या आवरणाचाच. असिटोनने तो काढून पाण्यावर पसरला, तर त्याने व्यापलेली जागा पेशींच्या पृष्ठभागाच्या जवळपास दुप्पट भरली. गंमत अशी की असिटोनने सगळा मेद निघाला नव्हता आणि वाळलेल्या पेशी मोजल्यामुळे पृष्ठभागही कमी धरला गेला होता. दोन चुकांनी एकमेकींना खाऊन टाकले आणि उत्तर बरोबर आले! हा घोळ 1966 मध्ये उघड झाला. निष्कर्ष मात्र टिकला.

दोनच थर का, याचे उत्तर पटलातल्या मेदाच्या, म्हणजे फॉस्फोलिपिडच्या, रेणूतच आहे. त्याच्या फॉस्फेटच्या डोक्याला पाणी हवेसे, तर मेदाम्लांच्या दोन शेपटांचा पाण्याशी उभा दावा. मग शेपटे आत आणि डोकी बाहेर, अशी दुहेरी रांग आपोआप लागते. शेपटे सरळ असली तर रेणू दाटीने बसतात. एखाद्या दुहेरी बंधाने बाक आला की सैलावतात. थंडीत खोबरेल थिजते आणि करडईचे तेल वाहते राहते, त्यामागे हेच कारण. थंड पाण्यातले मासेही आपल्या पटलात बाकदार शेपटे वाढवून ते लवचीक ठेवतात.

हे पटल किती वाहते असते, ते 1970 मध्ये फ्राय आणि एडिडिन यांनी दाखवले. उंदराची आणि माणसाची पेशी एकजीव करून त्यांनी दोघींच्या प्रथिनांवर हिरवी आणि लाल खूण केली. 37 अंश सेल्सिअसला चाळीस मिनिटांत दोन्ही रंग सरमिसळ झाले. त्यावर सिंगर आणि निकोल्सन यांनी 1972 मध्ये मेदाच्या थरात तरंगणाऱ्या प्रथिनांचे चित्र मांडले. बारीकसारीक दुरुस्त्यांसह पाठ्यपुस्तकांत आजही तेच आहे.

दरम्यान, केंब्रिजजवळ अलेक बँगहॅम यांना 1960 च्या दशकात दिसले, की फॉस्फोलिपिड पाण्यात मिसळले की त्यांच्या पोकळ पिशव्या बनतात. हीच लायपोसोमे. अँफोटेरिसिन हे औषध बुरशीच्या पटलातल्या एर्गोस्टेरॉलला धरून त्याला भोके पाडते, पण मूत्रपिंडालाही इजा करते. लायपोसोमात घातले की हा त्रास बराच कमी होतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी अशा देशी औषधावर काम केले. 2021 मध्ये म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराची साथ आली, तेव्हा लायपोसोमातल्या अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी महाराष्ट्रभर नातेवाइकांची वणवण झाली.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. संशोधक बर दांपत्याने 1929 मध्ये उंदरांना मेद वर्ज्य करून पाहिले. त्यांची वाढ खुंटली, कातडी खराब झाली. लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक ही मेदाम्ले आपल्याही शरीराला बनवता येत नाहीत. तेव्हा तेल बेताने खावे हे खरेच, पण पूर्ण बंद करण्याचे खूळ डोक्यात घेऊ नये.