यादीबाहेरचा पहिला नंबर

ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेच्या 'बिलबोर्ड हॉट १००' या यादीत 'गोल्डन' हे गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. गाणं 'हंट्रिक्स' या तीन मुलींच्या गटाचं. मुलींच्या गटाला ही जागा मिळाली ती तब्बल चोवीस वर्षांनी. याआधी २००१मध्ये डेस्टिनीज चाइल्डच्या 'बूटिलिशस'ने ती मिळवली होती. मात्र हंट्रिक्स हा गट खरा नाही. 'केपॉप डीमन हंटर्स' या अॅनिमेशनपटातली ती तीन पात्रं. त्यांच्यासाठी गायल्या इजे, ऑड्री नूना आणि रे आमी, आणि यादीत पात्रांच्या गटासोबत या तिघींची नावंही छापली गेली.

पडद्यावर चेहरा एकीचा आणि गळा दुसरीचा, हे आपल्याला आजीच्या पिढीपासून ठाऊक आहे. नाव छापायचं मात्र आपल्याला उशिरा सुचलं. १९४९च्या 'महल'मधलं 'आएगा आनेवाला' बाजारात आलं, तेव्हा तबकडीवर गायिकेचं नाव होतं 'कामिनी'. कामिनी म्हणजे चित्रपटातलं मधुबालाचं पात्र. गाणं रेडिओवर लागू लागलं आणि ही गाणारी कोण, असं विचारणारी पत्रं आली. मग कंपनीकडून नाव मागवून ते रेडिओवर जाहीर करावं लागलं: लता मंगेशकर. विशीतल्या त्या मुलीचं नाव श्रोत्यांनी अक्षरशः मागून घेतलं. मराठी माणसाने अभिमानाने सांगावा असा हा प्रसंग आहे.

मुलींचा पॉप गट ही पाश्चात्त्य कल्पना. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या 'द सुप्रीम्स'ने १९६४ ते १९६९ या काळात अमेरिकेच्या यादीत बारा वेळा पहिला क्रमांक मिळवला. ब्रिटनमध्ये १९९६च्या 'वॉनाबी'पासून स्पाइस गर्ल्सची नऊ गाणी अव्वल ठरली. अशा गटात चौघीपाचजणी एका नावाखाली, एका करारात बांधलेल्या असतात. कोणती ओळ कोणी गायची, कपडे कोणते, हेसुद्धा आधीच ठरतं. आपल्या चित्रपटसंगीतात हे जमण्यासारखंच नव्हतं. तिथे संगीतकार एकेका गाण्यासाठी एकेका गायिकेला बोलावत असे. गाणं ध्वनिमुद्रित झालं, पैसे मिळाले, की संबंध संपला.

म्हणूनच एकाच घरात चार गायिका असूनही 'मंगेशकर भगिनी' नावाचा गट कधी झाला नाही. २४ एप्रिल १९४२ रोजी त्यांचे वडील मास्टर दीनानाथ गेले, तेव्हा लताबाई बारा वर्षांच्या होत्या. मीनाताई, आशाबाई आणि उषाताई त्यांच्याहून लहान. पुढच्याच वर्षी 'माझं बाळ' या मराठी चित्रपटासाठी आशाबाईंनी पहिलं गाणं गायलं. संगीत दत्ता डावजेकरांचं. घर चालवण्यासाठी गाणं, हा या बहिणींच्या कारकिर्दीचा पाया होता. त्यांच्यातल्या कथित भांडणावर पुढे जेवढी शाई खर्च झाली, तिच्या चौथाईइतकीही त्यांनी एकत्र काय गायलं यावर झाली नाही, याचं मला वाईट वाटतं. १९५५च्या 'आझाद'मधलं 'अपलम चपलम' लताबाई आणि उषाताईंचं; संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपले चितळकर. लताबाई आणि आशाबाई 'मिस मेरी'त (१९५७) एकत्र गायल्या आणि 'उत्सव'मध्ये (१९८४) 'मन क्यूँ बहका'तही. या गाण्यांत दोघींचे आवाज एकमेकींना वाट देतात, मध्येच जवळ येतात, पुन्हा सुटे होतात. कुठल्याही गटाने वर्षानुवर्षं तालीम करून कमवावी अशी ही जाण त्यांच्याकडे घरातूनच आली होती.

तयार केलेला गटही आपल्याकडे होऊन गेला. २००२मध्ये चॅनल व्हीच्या 'पॉपस्टार्स' या कार्यक्रमातून पाच मुली निवडल्या गेल्या आणि 'विवा' जन्मला. सीमा रामचंदानी, प्रतीची मोहपात्रा, नेहा भसीन, महुआ कामत आणि अनुष्का मनचंदा. 'जागो ज़रा' गाजलं, पाठोपाठ दुसरा अल्बमही आला, पण थोड्याच वर्षांत गट विखुरला. नेहा भसीन पुढे 'सुलतान'मधल्या 'जग घूमेया'पर्यंत पोचली, म्हणजे पार्श्वगायनातच. गटासाठी इथे स्वतंत्र बाजारच नव्हता. चित्रपट हेच पेठेचं एकमेव दार होतं.

आता याद्यांकडे वळू. ब्रिटनची पहिली लोकप्रियता यादी 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'ने १४ नोव्हेंबर १९५२ रोजी छापली; रेकॉर्डच्या दुकानांना फोन करून कोणती तबकडी किती खपली हे विचारायचं, अशी साधी पद्धत होती. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ३ डिसेंबर १९५२ रोजी, रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. आधी तिचं रूप स्पर्धेचं होतं. क्रमवारी दोनेक वर्षांत आली. क्रम ठरायचा तो दुकानांतली विक्री आणि गावोगावच्या श्रोता संघांची पत्रं यांवरून. ती सिलोनवरून का सुरू व्हावी लागली? कारण त्या वेळचे माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार केली होती. केसकरांनी अभिजात संगीतासाठी पुष्कळ केलं, पण या एका निर्णयाने देशाचा श्रोता त्यांनी परक्या केंद्राच्या हवाली केला. १९५७मध्ये विविध भारती सुरू झाली, तोवर बुधवारची रात्र गीतमालेची झाली होती.

या यादीत लताबाई-आशाबाईंचं राज्य होतं, हे सांगायला नको. पण गीतमाला हिंदी चित्रपटगीतांची. मराठी भावगीत, लावणी, अभंग, आरती यांना तिच्यात पायदान नव्हतं. मराठी श्रोत्यांसाठी आकाशवाणीवर 'आपली आवड' होती. तिथे फर्माईश पाठवणाऱ्यांची नावं वाचली जात, क्रमांक लावला जात नसे. म्हणजे मराठीत काय किती ऐकलं गेलं, याची आठवड्यागणिक नोंद ठेवणारं कोणी नव्हतंच.

अशा नोंद न झालेल्या गाण्यांचा विचार करताना मोरगाव आठवतं. बारामती तालुक्यात कऱ्हेच्या काठी मयूरेश्वराचं हे देऊळ. चार कोपऱ्यांना मिनार, समोर नंदी, अष्टविनायक यात्रेचा आरंभ इथून. समर्थ रामदासांना 'सुखकर्ता दुःखहर्ता' ही आरती इथेच सुचली, असं परंपरा सांगते. आज ही आरती डोळे मिटून आठवली, तर बहुतेकांच्या कानात एकच चाल आणि तेच आवाज येतात: भाऊ हृदयनाथांच्या संगीतात लताबाई, उषाताई आणि कोरस. या घरच्या गणपतीच्या गाण्यांतली आणखी दोन तितकीच घरोघर पोचली: 'गजानना श्री गणराया' आणि 'गणराज रंगी नाचतो'. दोन्हींचे शब्द शांता शेळके यांचे. शांताबाईंचा जन्म १२ ऑक्टोबर १९२२चा, शेजारच्या इंदापूरचा. मोरगावचा देव, इंदापूरची कवयित्री आणि मंगेशकरांचे गळे अशी ही जुळणी आहे. याच शांताबाईंनी काही गीतं 'डॉ. वसंत अवसरे' या पुरुषी टोपणनावाने लिहिली, हेही इथे नोंदवायला हवं.

ही ध्वनिमुद्रणं यादीत का दिसत नाहीत, याची कारणं अगदी व्यावहारिक आहेत. यादी मुख्यतः खरेदी मोजत असे. गणपती मंडळाने एक तबकडी किंवा कॅसेट घ्यायची आणि कर्ण्यावरून अख्ख्या आळीला दहा दिवस ऐकवायची. खप एक, कान हजारो. शिवाय कॅसेटच्या काळात नकला इतक्या निघाल्या की मूळ कंपनीलाही खरा आकडा सापडू नये. दुसरं कारण आठवड्याच्या मापाचं. यादीला या आठवड्यात अचानक वर आलेलं गाणं आवडतं. भाद्रपदात उसळून अनंत चतुर्दशीला थांबणारं आणि पुढच्या वर्षी पुन्हा तितक्याच जोराने येणारं गाणं तिच्या हिशेबात बसत नाही.

माप बदललं की निकाल कसा बदलतो, याचा पुरावा परदेशात आहे. मराया कॅरीचं नाताळचं गाणं १९९४चं. अमेरिकेच्या यादीत ते पहिलं आलं डिसेंबर २०१९मध्ये, पंचवीस वर्षांनी. गाणं तेच होतं. मधल्या काळात दुकानातल्या विक्रीबरोबर इंटरनेटवरचं ऐकणंही मोजलं जाऊ लागलं. त्यामुळे लोक दर वर्षी काय लावतात हे उघड झालं. बिलबोर्डने २०२२मध्ये भारतीय गाण्यांचीही साप्ताहिक यादी सुरू केली आहे. तीही फोनवरचं ऐकणं मोजते. मांडवातला कर्णा तिच्याही कक्षेबाहेरच.

आशाबाईंच्या नावावर २०११मध्ये गिनेस बुकाने विक्रम नोंदवला: १९४७पासून वीसहून अधिक भारतीय भाषांत अकरा हजारांपर्यंत गाणी. एकल, युगुल आणि कोरससह गायलेली, अशी तिथे फोड आहे. हा हिशेब ध्वनिमुद्रणांचा, ऐकणाऱ्यांचा नव्हे. आणि 'कोरससह' या शब्दामागेही माणसं आहेत. आरतीच्या प्रत्येक ध्रुवपदाला लताबाई-उषाताईंच्या मागे जो समूह उभा राहतो, त्याच्यामुळे ती आरती देवघरातली वाटते, स्टुडिओतली नाही. मराठी ध्वनिमुद्रणात गट म्हणून सातत्याने कोणी गायलं असेल, तर या कोरसमधल्या बायकांनी. त्यांची नावं वेष्टनावर आली नाहीत, फोनच्या पडद्यावर आजही येत नाहीत. ध्वनिमुद्रणाच्या दिवशीच्या हजेरीचे आणि मानधनाचे कागद कुठल्या कपाटात शिल्लक असतील, तर ते आताच बाहेर काढून ही नावं गाण्यांना जोडायला हवीत. त्या पिढीतल्या ज्या हयात असतील, त्या आज वृद्ध असणार.