पलायनाची शिक्षा : एक मागोवा

इंग्रजी मुलखात 1 जानेवारी 1862 पासून अमलात आलेली भारतीय दंडसंहिता निजामी अमलाखालील औरंगाबादेस पोहोचण्यास 1951 साल उजाडावे लागले. हैदराबाद संस्थान भारतात सामील झाल्यावर ‘ब’ वर्गातील राज्यांसाठी जो कायदा त्या वर्षी झाला, त्याने तिचे 224 वे कलम मराठवाड्याच्या फौजदारी कोर्टांत रुजू केले. आणि अपराधाच्या आरोपावरून वा शिक्षेमुळे कायदेशीर अटकेत असता जो पळेल किंवा पळू पाहील, त्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दंड अथवा दोन्ही, असे ते फर्मावीत असे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, कलम 262 वे झाले. शिक्षेचे परिमाण मात्र तेच राहिले.

ही स्थिरता मला हितावह वाटते, कारण बंधनातून सुटण्याची ओढ प्राणिमात्रास उपजतच असते. जर्मनीत तर एकट्याने, कोणास इजा न करता निसटलेल्या कैद्यास केवळ पलायनाबद्दल शिक्षाच नाही; शिक्षा आहे ती त्यास सोडवणाऱ्यास.

आपले कलम हेतूही विचारीत नाही. 24 जुलै 1943 रोजी सांगलीचा तुरुंग फोडून निघालेले आणि गोळीने जायबंदी होऊन पुन्हा पकडले गेलेले वसंतदादा पाटील पुढे 1977 मध्ये राज्याचे मुख्यमंत्री झाले. परंतु कलमाच्या शब्दांत त्यांची ती धाव आणि एखाद्या चोरट्याची धाव यांत अंतर नाही. ते अंतर न्यायाधीशाने शिक्षा ठरविताना पाहावयाचे, आणि त्यासाठीच कलमात किमान शिक्षा घातलेली नाही, हे उत्तम.

तुरुंगाची भिंतही कलमास आवश्यक नाही. जून 2020 मध्ये औरंगाबादच्या हर्सूल कारागृहातील दोन करोनाबाधित कैदी किलेअर्क येथील उपचारकेंद्रातून खिडकीवाटे, चादरींच्या आधाराने उतरून पसार झाले. रुग्णाची खाट हीदेखील कायद्याच्या दृष्टीने कोठडीच. शिवाय ही शिक्षा मूळ अपराधाच्या शिक्षेहून वेगळी असल्याने, मूळ खटल्यात निर्दोष ठरलेला कच्चा कैदीही पलायनाबद्दल दोषी ठरू शकतो.

मला मात्र अधिक अस्वस्थ करतो तो पहाऱ्यावरचा शिपाई. निष्काळजीपणाने कैदी निसटू देणाऱ्या लोकसेवकास 223 व्या, आता 261 व्या, कलमान्वये दोन वर्षांपर्यंत साधी कैद सांगितली आहे. म्हणजे पळणारा आणि डुलकी लागलेला पहारेकरी यांच्या कैदेची कमाल मुदत एकच. अशा खटल्यात त्या शिपायाने सलग किती तास पहारा केला होता आणि त्याच्या हवाली किती कैदी होते, याची नोंद पुराव्यात आलीच पाहिजे.