साल, ओल आणि दूध

पॅरिसमधल्या र्यू मूफ्तारच्या उतारावर चीजचं दुकान दिसण्याआधी त्याचा वास येतो. आत काचेमागे लाकडी फळ्यांवर चीज मांडलेलं आणि प्रत्येकावर एक छोटी पाटी खोचलेली. गिऱ्हाइकं पाटीवरचं नाव आणि किलोचा भाव बघून पुढे सरकतात. माझ्याबरोबर भाची होती, तिला पाचवा महिना लागलेला. त्यामुळे आम्ही भावाखालची बारीक ओळ आधी वाचत होतो. ‘ले क्र्यू’ म्हणजे कच्च्या दुधाचं, ‘ले पास्तरिझे’ म्हणजे पाश्चराइज्ड दुधाचं. या दोन्हींच्या मधलं ‘तेर्मिझे’: दूध तापवलेलं, पण पाश्चरायझेशनइतकं नाही. गरोदर बाईनं ते कच्च्यातच धरावं.

आपल्याकडे दुधाची पिशवी घरात आली की आधी गॅसवर चढते, त्यामुळे असा प्रश्न मनात येत नाही. फ्रान्समध्ये मात्र कच्चं दूध वापरणं हा हलगर्जीपणा नसून नियम आहे. ‘कामाँबेर द नॉर्मांदी’ हे संरक्षित नाव लावायचं तर दूध कच्चंच हवं. ब्री द मो, रब्लोशाँ, रोकफोर यांचंही तसंच.

भीती आहे ती लिस्टेरिया या जिवाणूची. बाकीचे बरेच जिवाणू थंडीत मंदावतात, पण हा फ्रिजमध्येही वाढत राहतो. आईला नुसती कणकण येते, पण गर्भपात होऊ शकतो, प्रसूती वेळेआधी होऊ शकते, बाळाला जंतुसंसर्ग होऊ शकतो. १९८५ साली लॉस एंजेलिस परिसरात ताज्या, मऊ मेक्सिकन पद्धतीच्या चीजमधून याची साथ आली. तिथल्या १४२ रुग्णांपैकी ९३ जण गरोदर स्त्रिया किंवा त्यांची बाळं होती. पाश्चराइज्ड दुधात कच्चं दूध मिसळलं गेल्याचा संशय तपासात पुढे आला.

काउंटरवरच्या बाईंना भाचीनं ‘आँसँत’, म्हणजे गरोदर, एवढंच सांगितलं. त्यांचा हात लगेच कामाँबेरवरून उठला आणि मागे उभ्या केलेल्या चाकासारख्या कोंतेकडे गेला. भाचीनं पाटी वाचली आणि माझ्या कानाशी लागली, “मावशी, हेही क्र्यूच आहे गं!”

होतंच. पण निव्वळ दुधावर निकाल लागत नाही. कोंते करताना दही-दाणा पन्नास अंशांच्या वर तापवतात, दाबून पाणी काढतात आणि सुमारे चाळीस किलोचं ते चीज किमान चार महिने मुरवतात. एवढ्या कमी ओलीत लिस्टेरियाला वाढायला जागा राहत नाही. म्हणूनच फ्रान्समध्ये गरोदर स्त्रियांना कच्च्या दुधाचं चीज टाळायला सांगताना कोंते, बोफोर, ग्रुयेर अशा कडक चीजना सूट दिलेली असते. इटलीचं पार्मिजानोही कच्च्या दुधाचंच, आणि ते किमान बारा महिने मुरतं.

कामाँबेर आणि ब्रीचं उलट. ती मऊ आणि ओली असतात. वर पांढरी बुरशी ताज्या चीजमधलं आम्ल खात जाते, आणि आम्ल घटलं की जिवाणूला रान मोकळं. अशा चीजवर दूध पाश्चराइज्ड असल्याचा शिक्का असला, तरी नंतर कारखान्यात किंवा दुकानात शिरलेला जिवाणू सालीवर वाढू शकतो. त्यामुळे ब्रिटनची आरोग्यसेवा पांढऱ्या सालीचं मऊ चीज आणि मऊ निळं चीज पाश्चराइज्ड असलं तरी गरोदरपणात शिजवल्याशिवाय खाऊ नका म्हणते. पाश्चराइज्ड दुधाचं मोझरेला, क्रीम चीज, कॉटेज चीज मात्र चालतं.

खरं शिकण्यासारखं होतं ते बाईंच्या हातांच्या हालचालींत. आधीच्या गिऱ्हाइकासाठी ब्री कापलेली सुरी त्यांनी बाजूला ठेवली, धुतलेली घेतली, फळीवर नवा कागद टाकला. मग कोंतेची फोड कापून तिची साल काढून टाकली, कारण जिवाणू असलाच तर बहुधा सालीवर असतो. प्रत्येक दुकानात इतकी काळजी घेतील असं नाही. सुरी बदलायला सांगायचा संकोच वाटत असेल, तर सुपरमार्केटमधलं बंद पाकीट बरं.

हॉटेलच्या नाश्त्याला पाटीच नसते. तिथे कापून ठेवलेल्या मऊ फोडींकडे न वळलेलं उत्तम. सॅलडवर येणारं ‘शेव्र शो’, म्हणजे पावावरचं गरम बकरीचं चीज, बहुतेकदा वरून तांबूस आणि आत जेमतेम कोमट असतं. त्यापेक्षा रब्लोशाँ घालून भट्टीतून बुडबुडत आलेली बटाट्याची तार्तिफ्लेत बरी, फक्त ती मधोमधही वाफाळती हवी.

एक गोष्ट परतल्यावरची. लिस्टेरियाची लक्षणं खाल्ल्यानंतर दोन महिन्यांनीही दिसू शकतात. तोवर माणूस पुण्या-मुंबईत परतलेलं असतं, आणि पावसाळ्यात ताप आला की आधी डेंग्यू, मलेरियाच्याच तपासण्या होतात. त्यांबरोबर डॉक्टरांना प्रवास आणि खाल्लेलं चीजही सांगावं. रक्ताच्या कल्चरमधून जिवाणू ओळखता येतो, त्यावर अँटिबायोटिक आहेत, आणि ती वेळेवर सुरू झाली तर बाळाचा धोका कमी होतो.