मत संपादकांचं, दोरी मंडळाची

विकिपीडियावर लिहिणाऱ्याला ना पगार, ना मानधन. पण त्या ज्ञानकोशाचे सर्व्हर, पैसा आणि नोकरवर्ग सांभाळणारी विकिमीडिया फाउंडेशन ही रीतसर नोंदलेली संस्था आहे. तिची नोंदणी 2003 साली अमेरिकेतल्या फ्लोरिडात झाली. तिच्या विश्वस्त मंडळावरच्या काही जागा जगभरच्या संपादकांच्या मतांनी ठरतात. 2015 साली मतदानासाठी किमान 300 संपादनं आणि अलीकडच्या सहा महिन्यांतली 20 अशी अट होती. मराठी विकिपीडियावर नेटाने लिहिणाऱ्यालाही ती सहज पुरी करता आली असती.

त्या वर्षी निवडून आलेल्या तिघांपैकी एक होते कॅनडातले डॉक्टर जेम्स हायलमन. 28 डिसेंबर 2015 रोजी मंडळाने त्यांना 8 विरुद्ध 2 मतांनी काढून टाकलं. विरोधातल्या दोन मतांपैकी एक खुद्द त्यांचंच. ज्यांनी त्यांना निवडून दिलं होतं त्यांना कुणी विचारलं नाही, आणि नियमाप्रमाणे विचारायची गरजही नव्हती.

खरी मेख इथेच आहे. आपल्या गृहनिर्माण सोसायटीत फ्लॅटधारक सभासद असतो, म्हणून सर्वसाधारण सभेत उभं राहून तो कमिटीला हिशेब मागू शकतो. विकिमीडिया फाउंडेशनला असे सभासदच नाहीत. संपादकांचं मत ही कायद्याच्या लेखी शिफारस. नेमणूक मंडळ करतं, आणि काढण्याचा अधिकारही त्याच्याच हाती. शिवाय विश्वस्त एकदा खुर्चीत बसला की त्याची कायदेशीर बांधिलकी संस्थेशी, मतदारांशी नव्हे. निवडणुकीच्या गडबडीत पोटनियम उघडून बघतो कोण?

मग संपादकांच्या हाती उरलं काय? जाहीरपणे जाब विचारणं. मंडळ म्हणालं, सहकाऱ्यांचा त्यांच्यावर विश्वास उरला नव्हता. हायलमन म्हणाले, कारभारात अधिक मोकळेपणा हवा असा आपला आग्रह होता. फेब्रुवारी 2016 मध्ये नाइट फाउंडेशनकडून शोधयंत्रणेसाठी घेतलेल्या अडीच लाख डॉलरच्या अनुदानाचा करार उघड झाला, वाद आणखी चिघळला आणि कार्यकारी संचालक लीला ट्रेटिकॉव्ह यांनी त्याच महिन्यात राजीनामा जाहीर केला. त्याआधी जानेवारीत मंडळाने आर्नन गेशुरी यांना विश्वस्त नेमलं होतं. एकमेकांची माणसं पळवायची नाहीत, या कंपन्यांमधल्या जुन्या संगनमतात गूगलचे भरती अधिकारी म्हणून त्यांचं नाव आलं होतं. शेकडो संपादकांनी अविश्वासाचा कौल दिला. त्या कौलाला कायद्याची ताकद शून्य. तरी महिना संपायच्या आत गेशुरी पायउतार झाले. हायलमन 2017 च्या निवडणुकीत पुन्हा निवडून आले आणि मंडळाने त्यांची नेमणूकही केली. म्हणजे दाद मिळाली, पण दीड वर्षाने.

याउलट डेबियन या मुक्त संगणकप्रणालीच्या प्रकल्पात दोरी सभासदांच्या हाती आहे. तिथला नेता दरवर्षी निवडला जातो. त्याला मुदतीआधी हटवण्याचा ठराव कुणीही सभासद मांडू शकतो. हजारभर सभासद असले तरी ठरावाला पाच अनुमोदक पुरतात, मग सगळे मत देतात. 2006 मध्ये तसा ठराव खरोखरच आला. डेबियनच्या काही स्वयंसेवकांना पैसे देण्याच्या एका योजनेत नेता सामील होता, हे अनेकांना खटकलं होतं. ठराव पडला, नेता राहिला.

मला ही रीत अधिक सरळ वाटते. मात्र डेबियनला ती परवडते त्याचं एक कारण व्यवहारी आहे: त्यांचा पैसा आणि मालमत्ता वेगळ्या संस्थांच्या नावे असते, त्यामुळे नेत्याच्या खुर्चीखाली तिजोरीच नसते.