लाली न दिसणारी पाठ

पुतणीचं नर्सिंगचं पुस्तक सहज चाळत होतो. त्वचेच्या प्रकरणातले सगळे फोटो गोऱ्या माणसांचे. गोरी पाठ, गोरी टाच आणि त्यावर उठून दिसणारी लालबुंद जागा. खाली लिहिलेलं : बोटानं दाबूनही लाली जात नसेल, तर ती बेडसोअरची पहिली पायरी. पुतणी म्हणाली, "काका, आमच्या वॉर्डात असं लाल कुणीच होत नाही." तिला ते सवयीचं झालं होतं, मला होईना. रीतसर परवानगी काढली आणि ती शिकते त्या ट्रस्टच्या रुग्णालयात, पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात, एका सकाळी जाऊन उभा राहिलो.

रात्रपाळीनं ओव्हर दिली, म्हणजे रुग्णांची माहिती सोपवली, बीपी-शुगर झाली, चहा आला. खरं काम सुरू झालं ते स्पंजिंगच्या वेळी. माणसाचे कपडे उतरतात, कूस बदलते, म्हणजे त्वचा बघायची तीच वेळ. इन्चार्ज सिस्टर पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. खिशात छोटी टॉर्च.

तिसऱ्या खाटेवर अर्धांगवायूचे एक आजोबा होते. आयुष्य शेतात गेलेलं, रंग रापून काळाभोर. "आजोबा, डाव्या कुशीवर घेतो हं तुम्हाला," म्हणत मावशी आणि वॉर्डातले मामा यांनी त्यांना अलगद वळवलं. सिस्टरांनी टॉर्च समोरून न धरता बाजूनं, तिरपी धरली. मला नुसती पाठ दिसत होती, वेगळं काहीच नाही. त्यांनी हात उलटा केला आणि बोटांची मागची बाजू कमरेपासून हळूहळू खाली नेली. माकडहाडावर हात थांबला. बाजूची त्वचा चाचपून पुन्हा तिथंच आला.

"इथं हात लावा."

लावला. रुपयाएवढी जागा आजूबाजूपेक्षा स्पष्ट गरम होती आणि दाबली की आत जात होती. "पिकायला आलेल्या आंब्यासारखं लागतंय ना?" लागत होतं. मग टॉर्चच्या तिरप्या उजेडात दिसलंही : तेवढ्याच जागी त्वचा किंचित ताणलेली, चकचकीत, काळ्यातही जांभळट झाक मारणारी. हात लावला नसता तर मी शंभरदा बघूनही ती जागा शोधू शकलो नसतो.

कारण साधं आहे. त्वचेच्या वरच्या थरात, बाह्यत्वचेत, रक्तवाहिन्याच नसतात. रक्त खेळतं ते खालच्या अंतस्त्वचेत. लाली म्हणजे ते खालचं रक्त वरून दिसणं. आणि आपल्या त्वचेला रंग देणारं मेलॅनिन बाह्यत्वचेतच असतं, म्हणजे नेमकं रक्ताच्या वर. मेलॅनिन बनवणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या-काळ्या माणसांत जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो त्या किती आणि कुठल्या प्रकारचं मेलॅनिन बनवतात यात. ते जितकं दाट, तितकी लाली झाकली जाते. त्यात बेडसोअरची इजा बरेचदा हाडालगतच्या स्नायूत सुरू होते आणि कातडीला सगळ्यात शेवटी कळते. आजोबांसारख्यांच्या बाबतीत डोळ्याला दिसेपर्यंत थांबणं म्हणजे जखम फुटेपर्यंत थांबणंच.

लंडनमध्ये मलोन मुकवेंडे या वैद्यकीच्या विद्यार्थ्याला पुस्तकांतल्या गोऱ्या फोटोंची हीच अडचण आली, तेव्हा त्यानं आपल्या शिक्षकांबरोबर काळ्या-सावळ्या त्वचेवरच्या लक्षणांची एक पुस्तिकाच तयार केली. ती 2020 साली निघाली. आपल्याकडे शिकणारे सावळे, शिकवणारे सावळे, खाटेवरचे सावळे. गोरा काय तो पुस्तकातला रोगी. या उलट्या कारभाराचं मला अजून नवल वाटतं.

सिस्टरांचा हात मात्र पुस्तकावर अडलेला नाही. रक्त कमी वाटलं तर त्या पापणी खाली ओढून बघतात, काविळीसाठी डोळ्याचा पांढरा भाग, ओठ काळे असतील तर जिभेचा आणि हिरड्यांचा रंग. पाणी कमी झालंय का हे म्हाताऱ्या माणसाच्या मनगटावर चिमटा काढून कळत नाही, तिथली कातडी तशीही सैलच. मग छातीच्या हाडावर चिमटा. एकाच्या बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ दिसताच पहिला प्रश्न, "रात्री जास्त खाजतं का? घरात आणखी कुणाला?" खरूज. एका ड्रायव्हरच्या जांघेत कडा पुसट झालेला, विचित्र पसरलेला नायटा होता. मेडिकलमधून आणलेली स्टेरॉइडची ट्यूब त्यानं अभिमानानं दाखवली. स्टेरॉइडनं खाज थांबते, लाली जाते आणि बुरशी आत मजेत वाढते. 2018 पासून अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. मिळतात.

नागीण झालेले एक काका विळखा पूर्ण होईल म्हणून धास्तावले होते. नागीण एका नसेच्या वाटेनं, शरीराच्या एकाच बाजूला उठते आणि बहुधा मधल्या रेषेशी थांबते. सिस्टरांनी त्यांचंच बोट धरून ती रेषा दाखवली. ते समजावणं मला अनेक औषधांपेक्षा मोलाचं वाटलं.

आजोबांच्या कागदावर आकडा होता बारा. बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या अमेरिकी परिचारिकांची 1987 मध्ये प्रसिद्ध झालेली ही बेडसोअरच्या धोक्याची मोजपट्टी : संवेदना, ओलावा, चालणं-फिरणं, अंथरुणातली हालचाल, आहार आणि कातडीचं घासणं. पूर्ण गुण 23, अठरा किंवा त्याखाली धोका. त्यापुढे उपाय लिहिलेला : दर दोन तासांनी कूस बदलणे.

दर दोन तासांनी. 1944 पासून इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी मणक्याला इजा झालेल्या सैनिकांना असंच दर दोन तासांनी, रात्रंदिवस वळवून घेतलं आणि जे काही महिन्यांत मरायचे ते जगू लागले. पण तिथं वळवायला माणसं होती. या वॉर्डात अंथरुणाला खिळलेले दहा जण असतील, एकाला वळवायला दोघं आणि पाच मिनिटं लागत असतील, तर दर दोन तासांतला जवळजवळ तास याच कामात जातो. रात्री दोनच सिस्टर. तक्त्यावर मात्र दहा, बारा, दोन, चार अशा सुबक सह्या. मी त्यांच्याकडे बघतोय हे सिस्टरांनी पाहिलं. "दोन तास कागदावर असतात हो," एवढंच त्या म्हणाल्या. सही करणाऱ्यांना खोटं ठरवायची माझी तयारी नाही. दोन माणसांत दहा माणसांचं काम बसवणाऱ्यांना ठरवायची आहे.

आजोबांच्या सूनबाई तेलाची वाटी घेऊन आल्या होत्या, पाठ चोळायला. सिस्टरांनी वाटी बाजूला ठेवली. त्या शिकल्या तेव्हा स्पिरिट-पावडरनं पाठ चोळायची पद्धत होती. आता हाडावरची दुखावलेली जागा चोळत नाहीत, आतली इजा वाढते. रबरी रिंगही नको, तिच्या कडेचा दाब पडतो. टाचांखाली काही नको, पोटरीखाली उशी द्यायची, टाच अधांतरी राहिली पाहिजे.

तेव्हा कुणाला भेटायला रुग्णालयात जाल, तर जेवणाची चौकशी झाल्यावर चादरही जरा उचला. टाचा, घोटे, माकडहाड, कान. नुसतं बघू नका, धुतलेल्या हाताची मागची बाजू लावून बघा. एखादी जागा बाजूच्यापेक्षा गरम, गार, घट्ट किंवा मऊ लागली, तर लाली दिसायची वाट न बघता सिस्टरांना हाक मारा. आणि कूस बदलायला त्यांना हात द्या.